पाच हजार प्रश्नांचं सामान्य ज्ञानाचं जाड पुस्तक, सहा महिने वापरून मग लिहितोय

गेल्या गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळानं मुलांची सामान्य ज्ञान स्पर्धा ठेवलेली. माझी मुलगी आठवीत आहे, मराठी मिडीयम, तीन राऊंड पार करून शेवटच्या चौघांत आली आणि तिला प्रश्न आला, आपल्या राज्याचा पक्षी कोणता. ती म्हणाली नीलकंठ. विचारणाऱ्या दादानं हातातलं पुस्तक बघितलं आणि चूक म्हणून सांगितलं, बरोबर उत्तर हरियाल. पोरगी माईक न सोडता म्हणाली, "दादा, मी बरोबर सांगितलो की, आमच्या शाळेच्या पुस्तकात तसंच आहे." दादा तरी काय करणार, त्याच्या पुस्तकात हरियालच छापलेलं. मार्क मिळाले नाहीत.

आता बघा, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. हरियाल म्हणजे हिरवं कबूतर, तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी. नीलकंठ, ज्याला मराठी पक्ष्यांच्या पुस्तकांत नीलपंख लिहितात, तो कर्नाटकाचा. आम्ही बेळगावात राहतो, पोरांचा अभ्यासक्रम कर्नाटक सरकारचा आणि स्पर्धेला घेतलेलं पुस्तक महाराष्ट्रातून आलेलं. प्राणी विचारला असता तरी तेच झालं असतं, तिकडं शेकरू इकडं हत्ती, फूल तिकडं ताम्हण इकडं कमळ, झाड तिकडं आंबा इकडं चंदन. पोरगी त्या रात्री नीट जेवली नाही. मला पण ते लागून राहिलं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत खडेबाजारात गेलो आणि तेच पुस्तक विकत घेतलं, म्हटलं बघू तरी आत काय काय आहे.

पुस्तकाचं आणि प्रकाशनाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकतर मला कुणाला पाडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे नंतर दुकानात उभा राहून अशी आणखी चार पुस्तकं चाळली तर बरेच प्रश्न शब्दाला शब्द तेच, चुका पण त्याच. म्हणजे एकानं दुसऱ्याचं उतरवलेलं. म्हणून मी जे लिहितोय ते तुमच्या हातातल्या पुस्तकाला पण लागू पडेल असं धरा.

किंमत ३२० छापलेली, २८० ला मिळालं. इतिहास, विज्ञान, साहित्य, धर्म आणि राजकारण असे पाच भाग, प्रत्येकी हजार प्रश्न, प्रश्नाखालीच उत्तर. कागद पातळ, मागची शाई पुढं दिसते. बाईंडिंग दुसऱ्या महिन्यात सुटलं, मी घरीच फेविकॉल लावून वर वीट ठेवून बसवलं. शेवटी सूची नाही, म्हणजे टिळकांबद्दल काय काय आहे बघायचं तर अख्खं पुस्तक उलटायचं. अक्षर मात्र मोठं आहे, आमच्या आज्जीला पण चष्म्याशिवाय जमतं. आज्जी म्हणजे माझी आई, पोरं म्हणतात म्हणून आता आम्ही सगळेच आज्जी म्हणतो.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमधे आहे, वीस वर्षं लेथवर आणि आता सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर. आमच्याकडं ड्रॉइंगवर नुसतं २५ लिहून कधी येत नाही, २५ आणि पुढं प्लस-मायनस किती, म्हणजे किती कमीजास्त चालेल ते असतं, नसेल तर मी जॉबच लावत नाही, आधी जाऊन विचारून येतो. ह्या पुस्तकात उत्तराला प्लस-मायनस नाही. कुठल्या सालचं उत्तर, कुठल्या राज्याचं उत्तर, कशामुळं, काही नाही. प्रश्न, डॅश, एक शब्द. सहा महिने रोज रात्री जेवणानंतर आम्ही चौघं वीस-पंचवीस प्रश्न घ्यायचो आणि जवळपास रोज कुठंतरी ह्याच गोष्टीला अडकायचो.

सगळ्यात जास्त अडकलो ते राजकारणाच्या भागात. प्रश्न असा, आपल्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री कोण, उत्तर यशवंतराव चव्हाण. महाराष्ट्रासाठी ठीकच आहे, १ मे १९६० ला राज्य झालं, चव्हाण पहिले. पण पोरीनं शाळेतलं सांगितलं, निजलिंगप्पा. ते पण बरोबर, १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा मोठ्या म्हैसूर राज्याचे पहिले मुख्यमंत्री एस. निजलिंगप्पा. मग मी म्हटलं की जुन्या म्हैसूरचे धरले तर १९४७ चे के. सी. रेड्डी. आणि "कर्नाटक" हे नावच १ नोव्हेंबर १९७३ ला आलं, तेव्हा खुर्चीवर देवराज अर्स, मग नाव धरून विचारलं तर तेही म्हणता येईल. आम्ही दोघं वाद घालतोय तोवर आज्जी कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली, ती म्हणाली, "कुठल्या सालचं विचारालास त्यावर आहे की रे. मी जन्मलो तेव्हा आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता." आज्जी १९४८ ची. तेव्हा मुंबई राज्याचे प्रमुख बाळासाहेब खेर, १९५२ ला मोरारजी देसाई आले. १९५६ ला आज्जी आठ वर्षांची, म्हैसूर राज्यात गेली, पंचविसाव्या वर्षी कर्नाटकात. घर तेच, विहीर तीच, दारातला फणस तोच. पोरीनं लगेच पुस्तकात त्या प्रश्नाशेजारी पेन्सिलनं चार नावं आणि चार सालं लिहिली. खरं तर तिथं इतकंच छापायला पाहिजे होतं, एका ओळीचं काम होतं.

सीमाप्रश्नावर अख्ख्या पुस्तकात एकच प्रश्न आहे, महाजन आयोग कशाशी संबंधित, उत्तर सीमावाद. बस. आयोग १९६६ चा, अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन, अहवाल १९६७ ला आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही, आणि २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. आमच्या घरी हे सगळ्यांना पाठ आहे. पण पुण्यातल्या नाहीतर नाशिकच्या पोरानं हे पुस्तक वाचलं तर त्याला बेळगाव म्हणजे एक शब्द एवढंच कळणार, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाजूच्याच पानावर ऑस्कर कुणाला मिळालं ह्याचे अकरा प्रश्न आहेत.

ह्याच भागात सरळ चुका पण आहेत, आणि त्या साध्या नाहीत. भारताची राष्ट्रभाषा कोणती, उत्तर हिंदी. संविधानात राष्ट्रभाषा असा शब्दच कुठल्या भाषेला लावलेला नाही. कलम ३४३ प्रमाणे देवनागरीतली हिंदी ही केंद्राची राजभाषा, म्हणजे कारभाराची भाषा, आणि आठव्या अनुसूचीत आता २२ भाषा आहेत, सुरुवातीला १४ होत्या, मराठी आणि कन्नड दोन्ही पहिल्यापासून. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथं दुकानाची पाटी कुठल्या भाषेत लावायची ह्यावरून माणसं रस्त्यावर येतात, तिथं असं चुकीचं उत्तर पोरांना पाठ करायला लावणं बरं नव्हे. त्यापेक्षा कलम ३५०अ विचारा की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करावी असं त्यात आहे, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं ते घातलं. माझी पोरगी मराठी शाळेत शिकते तर हे कलम तिला माहीत पाहिजे, पुस्तकात नाही. राष्ट्रीय खेळ हॉकी हे पण तसंच, २०१२ ला माहिती अधिकारात उत्तर आलं होतं की सरकारनं असा कुठलाच खेळ जाहीर केलेला नाही. लोकसभेच्या जागा ५४५ लिहिल्यात, राष्ट्रपतींनी नेमायच्या दोन अँग्लो-इंडियन जागा १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर २०२० पासून बंद झाल्या, आता ५४३. कव्हरवर "नवीन सुधारित आवृत्ती" लिहिलंय.

विज्ञानाचा भाग मी सगळ्यात आवडीनं काढला आणि तिथंच जास्त निराश झालो. सूर्यमालेत ग्रह नऊ म्हणे. प्लूटोला २४ ऑगस्ट २००६ ला बटुग्रहात टाकलं, माझी पोरगी तेव्हा जन्मली पण नव्हती, तिच्या शाळेच्या पुस्तकात आठच आहेत. मग तो प्रश्न, एक मीटर म्हणजे काय, उत्तर पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर. हे १९६० लाच बदललं. १९८३ पासून प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर जातो तेवढा एक मीटर. माझं रोजचं पोट मायक्रोमीटरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनावर आहे, दर वर्षी आमची इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेशनला, म्हणजे माप तपासून घ्यायला जातात, तिथून सर्टिफिकेट येतं, ते माप वर वर जात शेवटी ह्याच व्याख्येला जाऊन टेकतं. हे मी पोरीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं माझं मायक्रोमीटर हातात घेऊन दोन मिनिटं नुसतं फिरवून बघितलं. किलोचं पण तसंच. १८८९ पासून एक धातूचा सिलिंडर म्हणजे किलो असं होतं, २० मे २०१९ पासून ते गेलं, आता किलो प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून ठरतो. पुस्तकात अजून तो सिलिंडरच आहे. एवढ्या मोठ्या गोष्टी आहेत ह्या, माणसानं आपलं माप एका धातूच्या पट्टीवरून उचलून प्रकाशावर नेऊन ठेवलं, आणि पुस्तकात त्याचा पत्ता नाही.

पण एका प्रश्नानं आम्हाला एक चांगली संध्याकाळ दिली ते सांगतो. पाणी किती अंशाला उकळतं, उत्तर १००. पोरीच्या सरांनी शाळेत सांगितलेलं की बेळगावात शंभरला उकळत नाही, तिचा विश्वास बसेना. मी साहेबांना विचारून शॉपमधला डिजिटल थर्मामीटर एका रात्रीसाठी घरी आणला, कॅलिब्रेट केलेला. पातेल्यात पाणी ठेवलं, प्रोब तळाला लागू नये म्हणून लाकडी उलथण्याला दोरीनं बांधून मधोमध सोडला. नव्वद झालं, पंच्याण्णव झालं, बुडबुडे तळातून सुटायला लागले, मग ९७ च्या थोडं वर जाऊन आकडा थांबला तो थांबलाच, पाणी खळाखळा उकळतंय आणि आकडा हलत नाही. गॅस मोठा केला तरी नाही. बेळगाव समुद्रापासून साधारण ७५० मीटर उंच आहे, हवेचा दाब कमी, पाण्याला उकळायला कमी तापमान पुरतं, ढोबळमानानं दर ३०० मीटरला एक अंश कमी. कारवारला हेच केलं असतं तर शंभर आलं असतं. कुकरमधे उलट, आत दाब वाढतो म्हणून पाणी १२० च्या आसपास जातं आणि डाळ लवकर शिजते. बायको म्हणाली की म्हणूनच काय तिच्या मावशीच्या गोव्यातल्या घरी उघड्या पातेल्यात तूरडाळ लवकर होते, मला वाटतं त्यात पाण्याचा पण हात असेल, पण फरक दोन-अडीच अंशांचा पण असतोच. पुस्तकात "१००" च्या पुढं "समुद्रसपाटीला" एवढा एक शब्द पाहिजे होता. पोरीनं तो लिहिला आहे आणि पुढं तारीख टाकून "आमच्या घरी ९७" असं पण.

इतिहास बरा आहे. पानिपत १४ जानेवारी १७६१, राज्याभिषेक ६ जून १६७४, पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ बोरीबंदर ते ठाणे, हे सगळं नीट आहे. पण शिवाजी महाराजांचा जन्म एका पानावर १६२७ आणि पुढं एका पानावर १९ फेब्रुवारी १६३०. महाराष्ट्र सरकारनं १६३० ची तारीख मान्य केलेली आहे, मग जुनं साल काढायला नको होतं काय? किंवा ठेवायचं तर ही जुनी समजूत म्हणून सांगायचं. शहाजीराजांवर सहा प्रश्न आहेत पण त्यांची समाधी कुठं आहे हे नाही. ती कर्नाटकात आहे, दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरे म्हणून गाव आहे तिथं, १६६४ च्या जानेवारीत शिकारीत घोड्यावरून पडून गेले. आमच्याकडच्या पोरांना हा प्रश्न आला तर त्यांना ते गाव आपल्या राज्यातलं म्हणून कळेल आणि राजे आपले म्हणून कळतील, दोन्ही एकदम.

आमच्या गावाबद्दलचं इतिहासात काय आहे ते मी शोधून काढलं, सूची नसताना, दोन रविवार गेले. काँग्रेसच्या कुठल्या अधिवेशनाचे अध्यक्ष महात्मा गांधी होते, उत्तर बेळगाव १९२४. हे बरोबर. पण गांधीजी आयुष्यात अध्यक्ष झाले ते ह्या एकाच अधिवेशनाचे ही खरी गोष्ट, ती नाही. डिसेंबर १९२४, आमच्या टिळकवाडीत, येणाऱ्या लोकांच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, तिथल्या रस्त्याला काँग्रेस रोड म्हणतात, मी रोज कामाला जाताना तिथूनच जातो. गंगूबाई हनगल तेव्हा लहान मुलगी होत्या, त्या अधिवेशनात गायल्या. आणि होमरूल लीगची स्थापना कुठं ह्याला उत्तर पुणे दिलंय, ते चूक आहे. टिळकांनी होमरूल लीग एप्रिल १९१६ ला बेळगावात काढली, अॅनी बेझंटबाईंची त्याच वर्षी सप्टेंबरात मद्रासला. ही चूक मी चारही पुस्तकांत बघितली. बेळगावचं नाव एकदा येणार होतं ते पण काढून पुण्याला दिलं.

कित्तूर चन्नम्मा आहेत, त्यांची इंग्रजांशी १८२४ ची लढाई आहे. त्यांच्या बाजूनं लढलेले संगोळ्ळी रायण्णा नाहीत. आमच्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला २६ जानेवारी १८३१ ला त्यांना फाशी दिलं, समाधी तिथंच आहे, मराठी बोलणाऱ्या गावात. आणि किर्लोस्करवाडी कुणी वसवली, लक्ष्मणराव किर्लोस्कर, १९१०, एवढंच. पण लक्ष्मणराव आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे आणि धंद्याची सुरुवात १८८८ ला बेळगावात सायकलच्या दुकानानं. नंतर कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळं सुरुवातीला नांगर घ्यायला कुणी तयार नव्हतं. उद्यमबागमधे आज जी शेकडो लेथ फिरतायत त्यांच्या मागं हे दुकान आहे असं मी मानतो. किर्लोस्कर रोडवर खरेदीला जाणाऱ्या पोरांना ह्यातलं काही माहीत नसतं.

साहित्याचा भाग सगळ्यात चांगला, हे मोकळेपणानं सांगतो. ज्ञानपीठ मिळालेले चारही मराठी लेखक सालासकट आहेत, खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा २००३, नेमाडे २०१४, आणि प्रत्येकाची दोन-तीन पुस्तकं. पण शेजारच्या भाषेचं काही नाही. कन्नडला आठ ज्ञानपीठ आहेत. त्यातले चंद्रशेखर कंबार आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या घोडगेरीचे. धारवाडचे द. रा. बेंद्रे, कन्नडचे एवढे मोठे कवी, घरात मराठी बोलायचे. गिरीश कर्नाड जन्मले माथेरानला. उलट्या बाजूनं बघा, कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, १९२४ चे, घरची भाषा कन्नड, आणि त्यांच्या आवाजातली मराठी गाणी आमची आज्जी रेडिओ लागला की हातातलं काम सोडून ऐकते. इंदिरा संत बेळगावात राहिल्या, 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी १९८४ ला, पुस्तकात नाव आहे पण गाव नाही. गाव लिहिलं असतं तर आमच्या पोरांनी ती ओळ दहादा वाचली असती. मराठीला अभिजात दर्जा कधी, हा प्रश्नच नाही, उलट अभिजात भाषा किती, उत्तर सहा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी, बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृत आल्या, आता अकरा. कन्नड २००८ लाच आली होती. मराठी पुस्तकात मराठीचीच बातमी नाही.

धर्माच्या भागाबद्दल मला भीती होती की एकतर्फी असेल, पण नाही, तिथं लिहिणाऱ्यानं मनापासून काम केलंय. कुराणाच्या ११४ सुरा, जैनांचे २४ तीर्थंकर, गुरुग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदं, बसवण्णांचा अनुभव मंटप, सगळं सारख्या मानानं दिलंय. नामदेवांचं आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, आज्जी दर आषाढीला पंढरपूरला जाऊन येते तिला पण नाही, ती दोनदा म्हणाली "परत वाच". एवढ्या एका पानासाठी मी पुस्तकाला जास्त मार्क देतो.

तिथंच एक प्रश्न आहे तो मात्र अर्धा आहे. मराठीतला पहिला शिलालेख कुठं, उत्तर श्रवणबेळगोळ, साल ९८३. गोमटेश्वराच्या ५७ फुटी मूर्तीच्या पायाशी चामुंडरायानं ही मूर्ती करवली असं कन्नड, तमिळ आणि मराठी तिन्हीत लिहिलंय, हे खरं. आमच्या वयाच्या सगळ्यांनी शाळेत हेच पाठ केलं. पण होयसळांचा सेनापती गंगराज ह्यानं भोवतीचं आवार करवलं असं सांगणारी मराठी ओळ बाराव्या शतकातली, आणि पहिली ओळ पण नंतर कोरली असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे, म्हणून आता अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख पुढं केला जातो, शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. सोलापूर जिल्ह्यातल्या कुडलचा शके ९४० चा. म्हणजे स्पर्धेत पोरानं अक्षी सांगितलं तर हे पुस्तक हातात असलेला माणूस त्याला चूक देणार, माझ्या पोरीसारखंच. पहिला कुठला ते ठरवणं विद्वानांचं काम, पण कर्नाटकातल्या एका डोंगरावर कन्नडच्या शेजारी मराठी कोरलेली आहे आणि नऊशे-हजार वर्षं दोन्ही एकाच दगडावर नांदतायत, हे नुसतं "श्रवणबेळगोळ" असं एका शब्दात कसं संपवता येईल? गेल्या महिन्यात पोरीला घेऊन बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघून आलो, १२०४ ची, आत नेमिनाथ, छताला दगडी कमळ. घरापासून गाडीवर पंधरा मिनिटं, आणि मी स्वतः वीस वर्षांनी आत गेलो. पुस्तकात नाही, पण पुस्तकामुळं गेलो, हे पण तितकंच खरं.

प्रकाशनाच्या मागच्या पानावर नंबर होता, त्यावर आम्ही ३८ दुरुस्त्यांची यादी पाठवली, पोरीनं व्यवस्थित पान नंबर टाकून टाईप केली. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. आले तर इथं खाली लिहीन.

मार्क द्यायचे तर पाचातले अडीच. धर्म आणि साहित्याला चार, इतिहासाला तीन, विज्ञानाला दीड, राजकारणाला एक. एमपीएससी किंवा केपीएससीसाठी कुणी घेत असेल तर घेऊ नका, चुकीचं पाठ झालेलं काढायला दुप्पट वेळ जातो. घरात बसून एकत्र वाचायला आणि प्रत्येक उत्तर तपासून बघायची तयारी असेल तर २८० रुपये वाया जात नाहीत, आमचे गेले नाहीत. दुकानात घेताना आधी चार प्रश्न काढून बघा, राष्ट्रभाषा, ग्रह किती, लोकसभेच्या जागा आणि अभिजात भाषा किती. चारातले दोन चुकले तर परत ठेवा, कव्हरवर काहीही लिहिलेलं असू दे. आणि सीमाभागात कुणी स्पर्धा घेत असाल तर "आपल्या राज्याचा" असं विचारू नका, महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा ते म्हणा, पोरं दोन्ही सांगतील.

आमची कॉपी मंडळाच्या कपाटात ठेवलीय, दुरुस्त्या निळ्या पेननं, पोरीनं घातलेले नवीन प्रश्न पेन्सिलनं, शेवटच्या कोऱ्या पानांवर. त्या दादानं स्वतःच मागून घेतलं. यंदाच्या गणपतीत स्पर्धा त्यातूनच घ्यायचं ठरलंय, आणि पोरगी ह्या वेळी प्रश्न विचारणाऱ्यांत बसणार आहे.